बापूंची मोठी चीज आणि बारा मिनिटांची टेप

आमच्या बँडचा एक किस्सा सांगतो म्हणून कोणी बसला आणि खरोखर एकच सांगून उठला, असं मी आजवर पाहिलेलं नाही. सुक्या बांगड्यांच्या पाटीत हात घालून एक ओढावा तर त्याला अडकून चार वर येतात, तसं हे आहे. शिवाय माझ्याकडे किस्से आवाजासकट जमले, कारण टेपरेकॉर्डर माझा होता. म्हणजे माझ्या मेहुण्याचा. ही दुरुस्ती आमची मंडळी स्वयंपाकघरातून करतात, मी कुठेही आणि कोणालाही हे सांगत असलो तरी.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं धरा. मालवणात आम्ही चौघे लग्नामुंजीत वाजवत असू. वरातीत चालत वाजवणारे वेगळे, आम्ही मांडवात बसून वाजवणारे. बापू शिंपी क्लॅरिनेटवर. इनास सुतार व्हायोलिनवर. तो लहानपणी गोव्यात चर्चच्या शाळेत शिकलेला, म्हणून कागदावरचं संगीत वाचता येणारा आमच्यातला एकटाच. तो बापूंच्याच वयाचा, पण सगळ्यांनी त्याला एकेरीच हाक मारावी असं त्यानेच ठरवून दिलं होतं. मोठा ढोल तांडेलाकडे. तांडेलाचा खरा धंदा म्हणजे मुंबईला जाणारे उतारू आपल्या होडीतून खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीपर्यंत नेऊन सोडणं. आणि पेटीवर मी, प्राथमिक शाळेतला मास्तर.

बापूंनी एक चीज बांधली होती. तिला नाव नव्हतं, आम्ही नुसतं 'मोठी चीज' म्हणायचो. ती बावीस मिनिटं चालायची. आधी एकटं क्लॅरिनेट, अगदी सावकाश. मग पेटी, मग ढोल आत शिरायचा आणि लय बदलायची. पुन्हा बदलायची. मध्येच भजनासारखं काही यायचं, त्याला लागून इनासने चर्चमधून उचलून आणलेलं काहीतरी, आणि मग चौघे मिळून असे वर चढायचो की मांडवातली पोरं रडायची थांबायची. तिथे आम्ही तिघे वाद्यं खाली ठेवायचो. शेवटची चार मिनिटं एकटा इनास. ती त्याने स्वतः बसवलेली होती. तेवढा वेळ मला माझ्या पेटीचं नावही आठवत नसे.

मुंबईहून आलेला पाहुणा हमखास विचारायचा, "हे कुठल्या सिनेमातलं?" त्या दिवशी बापू जेवत नसत.

मेहुणा जहाजावर नोकरीला. त्याने परदेशातून ते सेलवर चालणारं मशीन आणलं आणि बापूंना एकच ध्यास लागला: मोठी चीज एकदा पहिल्यापासून शेवटापर्यंत टेपवर यावी. आता अडचण अशी, की मशीनच्या चकतीत एका बाजूला बारा मिनिटं मावत. चीज बावीस मिनिटांची. मी हे बापूंना फळ्यावर लिहून दाखवलं.

बापूंनी विचार केला आणि म्हणाले, "मगे असां कर, मास्तर. बारा मिन्टां झाली काय मशीन थांबव. आमी वाजवत रवतंव. शेवट इलो काय परत चालू कर."

"आणि मधलं?" मी विचारलं.

"मधला सगळ्यांका म्हायत आसा."

*

पहिली टेप आमच्या अंगणात, एका रविवारी सकाळी केली. बारा तर बारा मिनिटं, असं ठरवून. बापूंनी सुरुवातीचे लांब सूर सोडले, मग एक विसावा घेतला. मोठ्या चीजेत तो विसावा फार महत्त्वाचा, बापू तिथे डोळे मिटतात. त्याच विसाव्यात शेजारच्या शेवंतीचा कोंबडा कुंपणावर चढला आणि आरवला. अगदी सुरात. बापूंनी डोळे उघडले नाहीत, वाजवत राहिले. बारा मिनिटांनी टेप संपली.

पुढे महिनाभर आमच्या ओटीवर माणसं ती टेप ऐकायला येत होती. तारकर्लीपासून लोक चालत आले. बावीसपैकी बाराच मिनिटं होती, पण कोणाची तक्रार नव्हती. तेव्हा आमच्याकडे टेपवर जे आलं ते खरं, अशी एकंदर समजूत होती. आम्ही प्रत्यक्ष वाजवायचो ते आपलं असंच.

मग तारकर्लीला एका मुंजीत वाजवायला गेलो. बापूंनी लांब सूर सोडले, विसावा घेतला, डोळे मिटले. पुढच्या रांगेत सगुणाआजी बसली होती. पंचाहत्तरीची, नाकात ही एवढी नथ, आणि आमची टेप तीन वेळा ऐकून गेलेली. ती मोठ्याने म्हणाली, "कोंबडो खंय?"

मांडवात कुजबुज सुरू झाली. कोंबडा राहिलाच की. लोकांचे चेहरे असे, की आम्ही कामात कसूर केली. बापूंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि क्लॅरिनेटवर कोंबडा काढला. हुबेहूब! सगुणाआजीने मान डोलावली. आणि वाडीतल्या यच्चयावत कोंबड्यांनी उत्तर दिलं. ते पुढची दहा मिनिटं थांबायला तयार नव्हते.

परत येताना इनास म्हणाला, "बापू, तुझो शिष्यपरिवार बरो मोठो आसा रे."

त्या दिवसापासून कोंबडा चीजेत कायम झाला.

*

चकती उलटून दुसऱ्या बाजूवर पुढची बारा मिनिटं घ्यावीत ही कल्पना माझी. उलटायला एक मिनिट लागतं. आणि मशीनही मीच चालवणार, पेटीही मीच वाजवणार. बापू म्हणाले काही हरकत नाही, तू उलटीपर्यंत आम्ही एकच सूर धरून राहू.

हा प्रयोग आम्ही कट्टा गावच्या एका लग्नात केला. मुहूर्ताला अजून वेळ होता. लोकांच्या हातात अक्षता देऊन झाल्या होत्या, आणि मांडव इतका लांब की मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. बारा मिनिटं झाली, मी इशारा केला, तिघांनी सूर धरला. मी चकती काढली. घाईत ती निसटली, मांडीवरून घरंगळत भटजींच्या तांब्याला जाऊन टेकली. मी रांगत गेलो. इकडे सूर चालूच. इनासचा गज जाऊन येऊन, जाऊन येऊन. बापूंचे गाल फुगलेले, कानशिलं जांभळी व्हायला लागली. तांडेल नुसता ढोलावर हळूहळू टिपरी फिरवत होता, आणि त्या आवाजाने मांडवात असं वातावरण झालं, की आता काहीतरी होणार. मागचे लोक उठून उभे राहिले. मग पुढचे उठले.

मी चकती बसवून बटण दाबलं आणि हात वर केला. तांडेलाने सगळा जोर लावून ढोलावर पहिला दणका दिला.

लग्नात ढोल असा एकदम कधी वाजतो ते तुम्हाला माहीत आहे. मागच्यांनी अक्षता टाकल्या. मागच्यांनी टाकल्या म्हणून पुढच्यांनी टाकल्या. त्या पडल्या पाटावर सुपाऱ्या मांडत बसलेल्या भटजींवर.

दुसऱ्या बाजूची टेप माझ्याकडे होती. तिच्यावर एक दणका आहे, मग सरीसारखा तांदळांचा आवाज, आणि मग भटजी: "अरे, लग्नाचां चेडू अजून न्हाणीत आसा!"

तिथे चीज मोडली. पुन्हा असं करून बघू म्हटलं, तर बापू तयार होईनात. दोन बाजूंची टेप एकामागून एक त्यांनी ऐकली होती आणि मधली खटक त्यांना सहन झाली नव्हती. "माका नको," ते म्हणाले. "कापड खंयही जोडला तरी शिवण दिसता. माका सगळा एका तुकड्यात होया."

शिंप्याशी ह्या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

*

आता माझ्या अब्रूचा किस्सा. एका वास्तुशांतीला पुन्हा पहिला भाग टेप केला. घरी येऊन मशीनमध्ये नवे सेल घातले आणि लावून पाहिलं तर काय, चीज नुसती पळत होती! क्लॅरिनेट घोड्यावर, ढोल त्याच्या मागे. सूरही चढा. बापू ऐकत राहिले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की टेप संपते तिथे आम्ही नेहमीच्या किती तरी पुढे पोचलो आहोत. बारा मिनिटांत सोळा मिनिटांचा मजकूर मावला होता.

"बघ," बापू म्हणाले, "त्या दिवशी आमी नकळत वेगान वाजवला. आणि मावला! आणखी वाईच वेग वाढवला तर सगळीच चीज मावतली."

"पण सूर चढा कसा?" मी विचारलं.

"आनंदात माणूस चढोच वाजवता."

मी गणित शिकवणारा मास्तर. मलाही ते पटलं.

दोन महिने आम्ही मोठी चीज पळवायचा सराव केला. बापूंच्या दुकानात, दुपारच्या वेळी. तांडेलाच्या अंगावरून घाम वाहायचा, तो म्हणायचा की दर्यात वारा फिरल्यावर वल्ही मारतानाही एवढी दमछाक होत नाही. बापूंची बोटं चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. इनास गप्प. जेवढं जलद म्हणाल तेवढं जलद वाजवायचा आणि शेवटी रुमालाने गळा पुसायचा.

मग एका लग्नात पंगत बसली असताना आम्ही ती नव्या वेगाने वाजवली. वाढपी पळायला लागले. भात, वरण, पुन्हा भात, सोलकढी. लोक घास चावत नव्हते, गिळत होते. पंगत निम्म्या वेळात उठली. यजमान इतका खूश झाला, की त्याने आमचं नाव आणखी तीन घरी सुचवलं.

त्याच सुमारास मी मेहुण्याला कौतुकाने सगळं लिहून कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं, दोन ओळींचं. टेप केली तेव्हा सेल मेलेले असणार, मशीन मंद फिरलं असणार. आता नव्या सेलवर ते नीट फिरतं, म्हणून चीज पळते. तुम्ही होतात तसेच आहात.

मी ते पत्र दुकानात वाचून दाखवलं. बापूंनी शिवणयंत्राचं चाक थांबवलं. मग इनासकडे वळले. "तुका कळला होता?"

"पयल्याच दिसा," इनास म्हणाला. "व्हायोलिन येवढा वर लागाचाच नाय."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"बारा वर्सांत पयल्यांदाच तुमी तिघे जागे होवन वाजवत होतास," इनास म्हणाला. "म्हटलां, कशाक निजवू?"

*

त्यानंतरच्या चैत्रात इनासच्या मुलीचं मुंबईहून पत्र आलं. इनासची बायको जाऊन वर्ष झालं होतं, त्याला रंधा मारताना रेघ नीट दिसेनाशी झाली होती. मुलीने लिहिलं, आता तिथे एकटे राहू नका, पावसाआधी बोटीने या, कायमचे. इनासने ते आम्हाला वाद्यं पिशवीत घालता घालता सांगितलं, जसं काही परवाच्या लग्नाची वेळ सांगतोय.

तांडेल रडला. मीही. बापूंनी क्लॅरिनेटचे तुकडे सोडवले, पुसले, डब्यात ठेवले आणि घरी निघून गेले. ते इनासशी बोलेनासेच झाले. इनास दुकानावरून गेला की हे कापडात डोकं घालत.

मी एका संध्याकाळी गेलो तर बापू एक कोट बेतत होते. चांगलं जाड, बदामी रंगाचं कापड.

"कोणाचा?" मी विचारलं.

"मुंबईक जातलो तो काय शर्टार जातलो?"

"माप घेतलंत?"

"बोलत नाय मी तेच्याकडे. माप कसां घेवू?"

अंदाजाने शिवलेला तो कोट इनासला दोन बोटं नव्हे, दोन विती मोठा झाला. हात बाह्यांमध्ये गडप. इनासने तो घालून दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या. बापू खाली मान घालून म्हणाले, "काढ. लहान करून देतंय."

"रवांदे," इनास म्हणाला. "आत जागा आसा. तुमका तिघांकाय घेवन जातंय."

मग बापू बोलले. फार काही नाही, एवढंच म्हणाले, की मोठी चीज मी आणि तांडेल आणि मास्तर मिळून पुन्हा उभी करू शकतो, पण तुझी चार मिनिटं कोणाला येत नाहीत. कागदावर लिहून ठेव. इनासने तीनदा प्रयत्न केला. लिहिलेलं वाजवून पाहिलं आणि कागद फाडले. "हां कागदार येणा नाय," तो म्हणाला. "हातातच आसा."

त्या दिवसापासून टेप हा बापूंचा हट्ट राहिला नाही. ती आम्हा सगळ्यांची गरज झाली.

*

मेहुण्याकडे मी तातडीने पत्र धाडलं आणि देव पावला. तो मुंबईला उतरला होता. त्याने पातळ टेपची चकती पाठवली; आकार तेवढाच, पण मावतात चोवीस मिनिटं. ती आली गुरुवारी. इनासची बोट सोमवारची.

त्याच दुपारी आमच्या ओटीवर वाजवली. नवे सेल. शेवंतीचा कोंबडा पाटीखाली. बापूंनी आपला कोंबडा वेळेवर काढला, ढोल बरोबर शिरला, आम्ही वर चढलो, वाद्यं ठेवली, आणि इनासने ती चार मिनिटं वाजवली. शेवटचा सूर गेला, मी बटण बंद केलं. चकतीवर अजून बोटभर टेप शिल्लक होती. सगळी चीज, एका तुकड्यात, बिनशिवणीची. बापू म्हणाले, आता हिला हात लावू नका, रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा सगळे मिळून ऐकू.

रविवारी सगळे जमले. बापू धुतलेलं धोतर नेसून आले होते. मी मशीन लावलं. नऊ मिनिटं अशी काही सुंदर गेली, की तांडेल स्वतःच्याच ढोलाला मान देत होता. दहाव्या मिनिटाला क्लॅरिनेट तुटलं आणि माझ्या बायकोचा आवाज आला: "गो शेवंते, तुझ्या कोंबड्यान माझी सगळी मिरचीची रोपां उकरल्यान!"

झालं होतं असं. शनिवारी ही एकटी घरी असताना तिला इनासचं वाजवणं ऐकावंसं वाटलं. तेवढ्यात कुंपणावरून शेवंती ओरडायला लागली. तिचा आवाज दाबायला म्हणून ही मशीनचा आवाज वाढवायला गेली आणि लाल बटण दाबून बसली. मग भांडणाच्या भरात मशीन मुकं झाल्याचं कोणाच्या लक्षात येतंय.

मी बंद करायला हात पुढे केला. बापूंनी तो धरला. "रवांदे. आयकूया."

आम्ही ते भांडण पूर्ण ऐकलं. बायको आत दाराआड उभी होती, पदर तोंडावर धरून. मिरचीवरून गोष्ट माडाच्या झावळ्यांवर गेली, तिथून शेवंतीच्या सासूवर. शेवटी शेवंती गरजली, "माझ्या कोंबड्याक नावां ठेवतंस? तो टेपीत आसा! तू खंय आसंस?"

खिडकी आपटल्याचा आवाज आला आणि टेप संपली.

ओटीवर कोणी कोणाकडे पाहीना. बापू उठले, धोतर झटकलं. "बरां आसा," ते म्हणाले. "ह्येका शेवट तरी आसा."

पहिल्यांदा इनास हसला. मग बाकीचे. बायको रडत बाहेर आली ती हसायला लागली. मग इनास म्हणाला, "उद्या बोट दुपारची. सकाळी धक्क्यार वाजवूया. बोट कधी वेळार इली हा?"

*

ती वेळेच्या आधी आली. जन्मात पहिल्यांदा.

आम्ही धक्क्याजवळ वाळूत सतरंजी टाकून बसलो होतो. चकती तीच, नवे सेल, आणि निरोपाला आलेली पन्नासेक माणसं. चीज सुरू होऊन सात-आठ मिनिटं झाली असतील. किल्ल्याच्या पलीकडून भोंगा वाजला. तो भोंगाही टेपवर आहे. तांडेलाने वाजवता वाजवता मान वळवली. होडी त्याची, तोच नेणार. बोट फार वेळ थांबत नाही. त्याने बापूंकडे पाहिलं, बापूंनी नुसती मान हलवली: थांबायचं नाही.

तांडेलाची बायको गंगा पुढे आली आणि नवऱ्याच्या हातातली टिपरी काढून घेतली. ठोका चुकला नाही. मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती म्हणाली, "बारा वर्सां हो ढोल माझ्या डोक्यार वाजता. माका येणा नाय तर कोणाक येतलो?" हेही टेपवर आहे.

तांडेलाने इनासची सामानाची ट्रंक डोक्यावर घेतली आणि पाण्यात शिरला. इनास त्याच्या मागून, तो बदामी कोट अंगात, व्हायोलिन खांद्याला, वाजवत. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तरी वाजवत होता. दोघांनी धरून त्याला होडीत चढवलं, तेवढ्या वेळात त्याचे चार-पाच सूर गेले असतील, पुन्हा लागला. आम्ही वर चढायच्या जागी आलो तेव्हा होडी सुटली होती. आम्ही चढलो. मग बापूंनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं, गंगाने टिपरी ठेवली, मी पेटीचा भाता मिटला आणि माइक उचलून समुद्राकडे धरला.

पहिलं मिनिटभर व्हायोलिन स्वच्छ ऐकू येत होतं. मग वारा आडवा आला. होडी लांब गेली, आवाज गेला. पण तो कोट एवढा मोठा होता, की इनासची बाही जाताना-येताना किनाऱ्यावरून दिसत होती. कोणी हललं नाही. आम्ही ती बाही पाहत उभे राहिलो. मग ती थांबली, आणि गज वर गेला. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती.

टेप घरी लावून ऐकली. सगळी आहे, एका तुकड्यात. शेवटाला एक मिनिट व्हायोलिन, आणि पुढे तीन मिनिटं लाटा, वारा. मी बापूंकडे बघायचं टाळत होतो. बापूंनी चकती थांबेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आसा. सगळा आसा."

नेहमीप्रमाणे लोक ऐकायला आले. पावसाळाभर येत होते. लाटा सुरू झाल्या तरी कोणी उठायचं नाही.

*

दिवाळीनंतर तारकर्लीला सगुणाआजीच्या नातीचं लग्न होतं. आजीने निरोप धाडला होता, मोठी चीज पाहिजे. आम्ही तिघे गेलो. मी बापूंना वाटेत विचारलं, शेवटाचं काय करायचं. बापू म्हणाले, "टेपीत आसा तसा."

बापूंनी विसाव्यात कोंबडा काढला. वाडीतल्या कोंबड्यांनी उत्तर दिलं, लोक हसले. ढोल शिरला, लय बदलली, भजन आलं, चर्चमधलं आलं. ते इनासचं, पण बापूंनी क्लॅरिनेटवर सांभाळून घेतलं. आम्ही तिघेच वर चढलो. मग वाद्यं खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसलो.

मांडव स्तब्ध. वाढपी भांडी हातात धरून थांबले. माडांच्या पलीकडे समुद्र होता, तेवढाच आवाज. बापूंचे डोळे मिटलेले. एक मिनिट गेलं, दीड गेलं.

मुंबईहून नवऱ्या मुलाचे मामा आले होते. पॅन्ट, मनगटावर घड्याळ, घाईत. ते इकडेतिकडे बघायला लागले. शेवटी त्यांना राहवेना. "काय हो," ते म्हणाले, "मध्येच बंद का केलंत?"

सगुणाआजीने मागे वळूनही पाहिलं नाही. तिने नुसता हात वर केला.

"गप रव रे," ती म्हणाली. "इनास वाजवता."